पऱ्हाटीपासून मोबाइलची स्क्रीन होऊ शकते का? वऱ्हाडातल्या कापसामागचं रसायनशास्त्र काय सांगतं

फेब्रुवारीत अकोल्याहून अमरावतीकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक चित्र हमखास दिसतं. शेवटची वेचणी उरकलेली शेतं आणि धुऱ्यावर रचलेले उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग. त्यातला एखादा ढीग पेटवलेला असतो. थोडी पऱ्हाटी चुलीसाठी घरी येते, थोडी कुंपणाला लागते. बाकीची जाळून शेत पुढच्या हंगामासाठी मोकळं केलं जातं.

त्या धुरात जे जळतं, त्याचा मोठा भाग म्हणजे सेल्युलोज. आणि हेच सेल्युलोज एका खास प्रकारच्या द्रवात पुरेशा प्रमाणात विरघळवलं, तर ते 'लिक्विड क्रिस्टल'सारखं वागू लागतं. लिक्विड क्रिस्टल म्हणजे टीव्ही, लॅपटॉप आणि कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनमध्ये असतं तेच. एलसीडीतलं 'एलसी'.

हे ऐकून 'पऱ्हाटीपासून स्क्रीन बनणार, शेतकरी मालामाल होणार' अशी पोस्ट फिरायला वेळ लागणार नाही. पण खरं प्रकरण जरा वेगळं आहे. त्यात स्क्रीन आहे, शर्ट आहे, बुलेटप्रूफ जॅकेट आहे आणि खारपाणपट्ट्याचं खारं पाणीसुद्धा आहे.

आधी भावाचं बोलू

2025-26 च्या हंगामासाठी केंद्रानं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये ठरवला. आदल्या वर्षापेक्षा 589 रुपये जास्त. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी ही सवलत 30 सप्टेंबरपर्यंत होती, मग ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे वऱ्हाडात नवा कापूस घरात येण्याच्या ऐन वेळी बाहेरचा कापूस शुल्काशिवाय आत येणार होता. गिरण्यांना हे हवं होतं. शेतकरी संघटनांनी विरोध केला.

दुसरीकडे अमरावतीजवळ नांदगाव पेठला सुमारे 1,000 एकरांवर पीएम मित्रा टेक्सटाइल पार्क उभं राहतंय. सप्टेंबर 2024 मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. देशात असे सात पार्क होणार आहेत. त्यांची घोषणा आहे 'फाइव्ह एफ': फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन, फॉरेन. शेतातून धागा, धाग्यातून कारखाना, तिथून फॅशन आणि मग परदेश.

या साखळीत एक गोष्ट मोजलीच जात नाही. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की त्यातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. बाकी बहुतेक सगळी सरकी. आणि ज्या झाडाला हा कापूस लागला, ते झाड तर काट्यावर येतच नाही. भावाची चर्चा होते ती मुख्यतः रुईच्या भरवशावर.

वऱ्हाडाच्या बाबतीत हे जुनंच आहे. 1853 मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार घेतला, त्यामागे इथल्या काळ्या जमिनीतल्या कापसाचाही हिशेब होता. उमरावती, म्हणजे अमरावती, या नावावरून इथल्या कापसाला परदेशी बाजारात 'उमरा' म्हणत. रुईच्या गाठी गेल्या मँचेस्टरकडे, पऱ्हाटी राहिली धुऱ्यावर.

लिक्विड क्रिस्टल म्हणजे नेमकं काय?

शाळेत पदार्थाच्या तीन अवस्था शिकवतात: स्थायू, द्रव, वायू. लिक्विड क्रिस्टल ही स्थायू आणि द्रव यांच्या मधली अवस्था. पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याच्या आतले रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात.

ही अवस्था पहिल्यांदा हाती लागली ती एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. 1888 मध्ये प्रागमध्ये फ्रेडरिक रायनित्झर गाजरापासून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून बनवलेला एक पदार्थ 145.5 अंशांना वितळला, पण द्रव गढूळ राहिला. 178.5 अंशांना तो अचानक स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! रायनित्झरनं ऑटो लेहमन या भौतिकशास्त्रज्ञाला नमुने पाठवले आणि तिथून हे शास्त्र सुरू झालं. थोडक्यात, लिक्विड क्रिस्टलचा जन्मच सजीवांच्या रेणूतून झाला. कारखान्यातल्या रसायनांचा नंबर नंतरचा.

रेणू आपोआप शिस्तीत का येतात, हे समजायला बंडी डोळ्यांसमोर आणा. रिकाम्या बंडीत चार-पाच पऱ्हाट्या फेकल्या तर त्या कशाही पडतील, एक उभी, एक आडवी. पण बंडी गच्च भरायची असेल तर त्या एकाच दिशेनं लावाव्या लागतात, नाहीतर मावतच नाहीत. लांबट रेणूंचंही असंच होतं. द्रवात त्यांची गर्दी कमी असेल तर ते कसेही फिरतात. गर्दी वाढली की एका दिशेला रांगेत आले तरच प्रत्येकाला हलायला जागा मिळते, म्हणून ते रांगेत येतात. बंडी माणूस भरतो, इथे कुणी लावत नाही. 1949 मध्ये लार्स ऑनसागर या शास्त्रज्ञानं हे गणितानं दाखवलं. यालाच 'सेल्फ असेंब्ली' किंवा स्वयंरचना म्हणतात.

या विषयात विदर्भाचं एक नावही आहे, जे फार कमी जणांना माहीत असतं. एस. चंद्रशेखर. नोबेलवाले नव्हे, सी. व्ही. रामन यांचे भाचे. 1951 मध्ये नागपूर विद्यापीठातून ते भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, पहिल्या क्रमांकानं. तेव्हा अमरावती आणि अकोल्याची कॉलेजंही याच विद्यापीठाखाली होती. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं 1983 मध्ये. 1977 मध्ये चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत दाखवून दिलं की काडीसारखेच नाही, तर चकतीसारखे रेणूही लिक्विड क्रिस्टल बनवतात. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हा शोध आहे.

शर्ट धुताना विरघळत का नाही?

आता कापसाकडे. रुईचा 90 टक्क्यांहून जास्त भाग सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्या एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. साखर पाण्यात विरघळते, मग ही साखरेची साखळी का नाही? कारण शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. पाण्याला त्या सुटत नाहीत. म्हणून सुती शर्ट शंभरदा धुतला तरी शर्टच राहतो.

गिरणीसाठी मात्र ही मोठी अडचण. सेल्युलोज विरघळलं नाही तर त्यापासून नवा धागा ओढणार कसा? शंभर वर्षांहून जास्त काळ यावर उपाय होता व्हिस्कोसचा, म्हणजे आपण ज्याला रेयॉन म्हणतो तो. त्यात कार्बन डायसल्फाइड वापरतात. हा वायुरूपात श्वासातून गेला तर मज्जासंस्थेला घातक आहे, आणि व्हिस्कोस कारखान्यांतल्या कामगारांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

इथे येतात आयोनिक लिक्विड. नाव अवघड, पण गोष्ट सोपी. ही मिठं आहेत. आपलं खायचं मीठ वितळवायला 801 अंश तापमान लागतं. पण मिठातला एक आयन मोठा आणि वेडावाकडा असेल तर स्फटिक नीट जमत नाही आणि मीठ 100 अंशांच्या आतच द्रव होतं. 1914 मध्ये पॉल वाल्डेन यानं 12 अंशांना वितळणाऱ्या मिठाची नोंद केली होती. अशा द्रवाची वाफ जवळपास होत नाही. शिवाय त्यातले क्लोराइडसारखे आयन सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये शिरून हायड्रोजन बंध सोडवतात.

2002 मध्ये अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटानं अशाच एका द्रवात सेल्युलोज थेट विरघळवून दाखवलं. मायक्रोवेव्हनं तापवलं तर वजनाच्या 25 टक्क्यांपर्यंत. खरं तर 1934 च्या एका पेटंटमध्ये अशा वितळलेल्या मिठाचा उल्लेख होता, पण तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

या संशोधनातली आपल्या कामाची ओळ छोटी आहे. सेल्युलोजचं प्रमाण 10 टक्क्यांच्या वर गेलं की ते द्रावण दोन पोलरायझर काचांमध्ये ठेवल्यावर उजळून दिसत होतं. साधा द्रव तिथे काळा दिसतो. म्हणजे साखळ्या रांगेत आल्या होत्या. बंडी भरली होती. सजीवातून आलेला रेणू, मिठाचा द्रव आणि त्यात आपोआप तयार झालेलं लिक्विड क्रिस्टल.

त्याचा उपयोग काय?

बुलेटप्रूफ जॅकेटमधला केव्हलर धागा कसा सापडला ते आठवा. 1965 मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्याकडे एक गढूळ, पातळ द्रावण तयार झालं. ते यंत्रात अडकेल म्हणून धागा ओढायला आधी नकार मिळाला. ओढल्यावर जो धागा आला तो कमालीचा मजबूत होता. कारण ते द्रावण लिक्विड क्रिस्टल होतं. रेणू आधीच रांगेत होते, धागा ओढताना ते आणखी सरळ झाले.

सेल्युलोजकडून संशोधकांना साधारण हीच अपेक्षा आहे. जॅकेटची नव्हे, पण घातक रसायनाशिवाय मजबूत धाग्याची. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात 'आयोनसेल' नावाची पद्धत विकसित झाली आहे. तिथे आयोनिक लिक्विडमध्ये लाकडाचा लगदा किंवा जुने सुती कपडे विरघळवून नवा धागा ओढतात. 2018 मध्ये फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभाला तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बर्च झाडापासून अशा पद्धतीनं बनवलेला ड्रेस घालून आल्या होत्या. या द्रावणाला काटेकोर अर्थानं लिक्विड क्रिस्टल म्हणता येईलच असं नाही, पण साखळ्या एका दिशेला आणायच्या हा गाभा तोच.

दुसरी वाटही आहे आणि ती आयोनिक लिक्विडशिवायची. कापसाला सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून सेल्युलोजचे अतिसूक्ष्म काडीसारखे तुकडे करायचे, लांबी साधारण 100 ते 200 नॅनोमीटर. हे तुकडे पाण्यात तरंगत ठेवले की ठरावीक प्रमाणापलीकडे तेही रांगेत येतात, पण रांग हळूहळू पिळत जाते, गोल जिन्यासारखी. 1992 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी हे दाखवलं. पाणी सुकू दिलं की उरलेला पातळ पापुद्रा निळा, हिरवा, तांबडा चमकतो. त्यात कुठलाही रंग घातलेला नसतो, जिन्याच्या पायऱ्यांचं अंतर रंग ठरवतं. मोरपिसाचा निळा रंगसुद्धा असाच, रचनेतून येणारा.

मग मोबाइलच्या स्क्रीनचं काय?

सरळ उत्तर: नाही. स्क्रीनमधले लिक्विड क्रिस्टल हे छोटे, कारखान्यात बनवलेले रेणू असतात. विजेचा इशारा मिळताच ते सेकंदाच्या छोट्या अंशात वळतात. सेल्युलोजची साखळी त्या मानानं अजगर आहे, तिला एवढ्या झटपट वळता येत नाही. कुणी पऱ्हाटीपासून डिस्प्ले बनवल्याचा दावा केला, तर फॉरवर्ड करण्यापूर्वी दोनदा विचार करा.

पण गंमत अशी की एलसीडीमध्ये सेल्युलोज आधीपासून आहे, फक्त वेगळ्या जागी. स्क्रीनमध्ये प्रकाश गाळणारा पोलरायझर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षक फिल्म लावतात आणि ही फिल्म अनेकदा ट्रायॲसिटेट सेल्युलोजची असते. तिचा कच्चा माल म्हणजे लाकडाचा लगदा किंवा कापसाचं लिंटर.

पऱ्हाटी नाही, सरकी

लिंटर म्हणजे काय, हे सरकी हातात घेतली की कळतं. जिनिंगमध्ये लांब धागा निघून गेल्यावरही सरकीवर बारीक लव चिकटून राहते. ती लव म्हणजे लिंटर. सेल्युलोजचा हा अतिशय शुद्ध स्रोत आहे. प्रयोगशाळेत वापरला जाणारा गाळणकागद याच लिंटरचा असतो, आणि जगभरचे संशोधक नॅनो-सेल्युलोजच्या प्रयोगासाठी हाच कागद फाडून वापरतात.

पऱ्हाटीचं तसं नाही. तिच्यात सेल्युलोज आणि त्याच्या जातभाईंचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांश असलं, तरी पाव भागाच्या आसपास लिग्निन असतं. लाकडाला कडकपणा देणारा हा चिवट पदार्थ आधी काढावा लागतो. त्याला रसायनं लागतात, पाणी लागतं. शिवाय पऱ्हाटी हलकी आणि फुगीर. ट्रॅक्टर भरला तरी वजन थोडंच. शेताशेतातून गोळा करून कारखान्यापर्यंत नेण्यातच पैसा जातो. त्यात गुलाबी बोंडअळी. 2017 च्या उद्रेकानंतर फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटून शेताबाहेर काढा, असा सल्ला दरवर्षी दिला जातो, कारण अळी उरलेल्या बोंडांमध्ये दडून बसते. त्यामुळे साठवून ठेवायची तर आधी कुट्टी करणं आलं.

म्हणून पऱ्हाटीचे आजचे व्यवहार्य उपयोग साधे आहेत: कांडीकोळसा, पेलेट, पार्टिकल बोर्ड. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ठरावीक प्रमाणात बायोमास मिसळावा, असं ऊर्जा मंत्रालयाचं 2021 चं धोरण सांगतं, आणि पारसचं केंद्र अकोला जिल्ह्यातच आहे. यात चमक नाही, पण गिऱ्हाईक आहे.

लिंटरची गोष्ट निराळी. मुंबईच्या माटुंग्यात 1924 पासून कापसावर काम करणारी 'सिरकॉट' ही केंद्रीय संस्था आहे. तिथे लिंटरपासून नॅनो-सेल्युलोज बनवणारा पथदर्शी प्रकल्प उभा आहे, क्षमता दिवसाला 10 किलो. 10 किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण नॅनो-सेल्युलोज सिमेंट, कागद, रंग यांत चिमूटभरच घालायचं असतं.

आणि आपल्याकडे बहुतांश सरकीचं काय होतं? लिंटर न काढताच ती तेल घाण्यावर जाते. तेल निघतं, उरलेल्या ढेपेत ही लव तशीच राहते आणि गाई-म्हशींच्या गव्हाणीत पोचते. जनावरांना सेल्युलोज पचतं, हे खरं. पण शुद्ध कच्चा माल ढेपेच्या भावानं जातो, हेही खरं.

अडतं कुठे?

पहिली अडचण द्रवाची किंमत. आयोनिक लिक्विड साध्या द्रावकांपेक्षा खूप महाग पडतात. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर जवळपास सगळं परत मिळालं तरच धंदा जमतो. धागा घट्ट करायला पाणी वापरतात, मग त्या पाण्यातून द्रव वेगळा करण्यासाठी पाणी उडवावं लागतं. तिथे ऊर्जा जाते. 'ग्रीन सॉल्व्हंट' हा शिक्का तर जपूनच घ्यायला हवा. वाफ होत नाही, म्हणजे कामगाराच्या फुप्फुसात जात नाही, एवढं ठीक. पण यातले बरेच द्रव सांडपाण्यात गेले तर जलचरांना घातक आहेत. सौम्य पर्याय म्हणून कोलीनसारख्या जैविक रेणूंपासून असे द्रव बनवण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती खास वऱ्हाडी आहे. पूर्णेच्या काठानं अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. इथलं भूजल खारं. नॅनो-सेल्युलोजच्या काड्या पाण्यात एकमेकींपासून दूर राहतात त्या पृष्ठभागावरच्या विद्युतभारामुळे. पाण्यात क्षार मिसळले की तो भार झाकला जातो. थोड्या क्षारानं जिन्याची पिळण बदलते आणि रंग निळ्याकडे सरकतो. जास्त क्षारानं काड्या गोळा होऊन सगळ्याचा जेलीसारखा गठ्ठा होतो. म्हणजे बोअरचं पाणी आधी शुद्ध केल्याशिवाय हा उद्योग इथे उभाच राहू शकत नाही. हा खर्च प्रकल्प अहवालात सुरुवातीलाच यायला हवा.

तिसरी गोष्ट माणसांची. अकोल्यात 1969 पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, ज्याच्या कापसाच्या वाणांनी नाव कमावलं. अमरावतीत विद्यापीठ आहे, विज्ञान महाविद्यालयं आहेत. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. झाड कसं वाढवायचं यावर इथे पिढ्यांचं काम आहे. पण त्या झाडातल्या रेणूचं पुढे काय करायचं, याची मोठी प्रयोगशाळा मुंबईत आणि धागा ओढणारं यंत्र फिनलंडमध्ये. नांदगाव पेठच्या पार्कमध्ये कताई, विणाई आणि गारमेंटचे कारखाने येतील, रोजगार येईल, ते हवंच आहे. तिथे सरकीची लव काढणारं एखादं युनिट किंवा सुती चिंध्या विरघळवणारा छोटा पथदर्शी प्रकल्प बसू शकतो का, हा प्रश्न भूखंड वाटले जात असतानाच विचारावा लागेल. नंतर जागा उरत नाही.

आणि तो विचारताना शेतकऱ्याच्या व्यवहाराचाही हिशेब पाहावा लागेल. शेतकरी रुई विकत नाही आणि सरकीही विकत नाही. तो कापूस विकतो, क्विंटलवर. व्यापारी भाव काढतो तेव्हा त्यात रुईचा दर आणि सरकीचा दर दोन्ही धरलेले असतात. सरकी चढली की कापसाचा भावही सरकतो, हे बाजार समितीत बसणारा कुणीही सांगेल. लिंटरला पक्कं गिऱ्हाईक मिळालं तर ते पैसे शेतापर्यंत यायची वाट एकच: सरकीचा दर. तेल गिरणीनं लव वेगळी काढून स्वतंत्र विकली आणि सरकी मात्र जुन्याच भावानं घेतली, तर रांगेत आलेल्या त्या रेणूंचा फायदा गिरणीच्या फाटकावरच थांबेल.